मूठ सालीचीच

"शिंग नको," तूलिक्की दारातूनच म्हणाली. "आधीच सांगते, म्हणजे तुझा आणि माझा वेळ वाचेल."

ओइवा लोहाराने भट्टीवरून मान वर केली. लहानपणी दोघं शाळेत एका बाकावर बसत. तेव्हापासून ही बाई 'कसा आहेस' म्हणायच्या आधी 'नको' म्हणते, हे त्याला पाठ होतं.

"आत तरी ये. आणि दार लाव. थंडी फुकट मिळते म्हणून घरात भरून ठेवायची नसते."

तूलिक्कीला सुरी करून घ्यायची होती. जुनी सुरी मार्चमध्ये तळ्याच्या तळाशी गेली. बर्फात पाडलेल्या भोकाशी बसून ती मासा साफ करत होती, सुरी हातातून निसटली आणि डुबुक! जाळ्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. तिशीतल्या माणसाच्या हातून सुरी पडली तर लोक हसतात. सदुसष्ट वर्षांच्या बाईच्या हातून पडली तर कुणी हसत नाही, आणि तिला तेच झोंबलं. उन्हाळाभर लोक तिला होडीत चढताना हात देत होते. ज्या होडीत ती झोपेतसुद्धा चढली असती, त्याच होडीत.

ऑगस्टमध्ये कॉफी पिता पिता तिचा मुलगा यार्मो म्हणाला होता, "आई, या हिवाळ्यात पहार मी घेतो."

हिवाळ्यात बर्फाखालून मोठं जाळं ओढायचं तर चार माणसं लागतात. त्यातला जो सगळ्यांच्या पुढे चालतो, लोखंडी पहारेने बर्फ ठोकत जातो आणि नुसत्या आवाजावरून बर्फ पेलेल की नाही ते सांगतो, तो जाळ्याचा मुख्य. नवरा गेल्यापासून ही पहार तूलिक्कीच्या हातात होती. कुठे जाळं सोडायचं, कधी आवरायचं, हा तिचा शब्द. यार्मोच्या त्या वाक्यावर ती एवढंच म्हणाली, "बघू." आता आईच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे चाळिशीच्या मुलाला कळायला हवं. पण यार्मोने ते होकारात जमा केलं.

ओइवाने काळ्या कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला आणि गिऱ्हाइकाला विचारतो तोच पहिला प्रश्न विचारला. "भिंतीसाठी की कामासाठी?"

"मला विचारतोस हे?"

"सगळ्यांना विचारतो. गेल्या आठवड्यात एकजण आला, तो म्हणाला भिंतीसाठी, मग मी त्याला..." ओइवा थांबला आणि एकदम कॉफीत फुंकर मारू लागला. लोखंडात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण पोटात गोष्ट ठेवणं त्याला जन्मात जमलं नाही. त्याची नजर बाकाच्या कोपऱ्यातल्या एका फडक्याकडे गेली. तूलिक्कीची नजर तिच्या मागोमाग गेली, आणि हात नजरेच्याही पुढे.

फडक्याखाली सुरी होती. मूठ रेनडियरच्या शिंगाची, पांढरीशुभ्र, आरशासारखी घासलेली. गळ्याशी चांदीचं कडं. पात्यावर सुबक अक्षरांत कोरलेलं नाव: तूलिक्की. शेजारी भिंतीला लावायची लाकडी पट्टी, दोन खुंट्यांची.

तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. माणूस काम सोडतं तेव्हा बरोबरचे लोक त्याला सुरी देतात, देखणी आणि निरुपयोगी. ती भिंतीवर चढते आणि तिच्या खाली खुर्चीत माणूस बसतं. तूलिक्कीला वाईट वाटलं. रागही आला, पण आधी वाईट वाटलं.

"मी काही बोललो नाही हं," ओइवा घाईघाईने म्हणाला. "फडकं तू उचललंस."

"मी शिंग नको म्हणत आत आले, आणि शिंग आधीच येऊन बसलंय."

"अगं, यार्मोने प्रेमानं करायला दिली. सगळ्यात भारी जे असेल ते लाव म्हणाला."

"प्रेमाची असेल. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, ओइवा." तिने फडकं पुन्हा नीट घातलं. "ही त्याची. त्याने सांगितली तश्शी कर, कसूर ठेवू नकोस. आता माझी सांगते."

ओइवाने तिच्यापुढे मुठीसाठीचे तुकडे मांडले. गाठीदार भूर्जाचं लाकूड, त्यात तपकिरी ठिपके आणि लाटा. जुनिपरचं लाकूड, नाकाशी नेलं की वास येणारं. रंग भरून कडक केलेला एक निळा तुकडाही होता. तो तिने बोटाच्या टोकाने बाजूला सारला, पोळीवरचा केस काढावा तसा. शेवटी तिने भूर्जाच्या सालीची मूठ उचलली. सालीच्या चौकोनी चकत्या एकावर एक ओवायच्या, शिकंज्यात दाबायच्या, मग कानशीने घासून आकार द्यायचा. दिसायला ही मूठ बुटाच्या टाचेहून फारशी सुंदर नसते. पण कडाक्याच्या थंडीत ती हाताला गार लागत नाही, आणि जितकी ओली होते तितकी घट्ट बसते.

"जुनी पण सालीचीच होती," ओइवा म्हणाला. "माझ्या बापाने केलेली. मला तेच कळत नाही. सालीची मूठ तुझ्या हातातून सुटली कशी?"

तूलिक्कीने कॉफीचा घोट घेतला. "वार्निश."

"काय?"

"यार्मोने. नाताळची भेट म्हणून. माझ्या नकळत सुरी नेली, मूठ घासली, होडीचं वार्निश चढवलं. तीन हात! काचेसारखी चमकत होती."

ओइवाने दोन्ही हात डोक्याला लावले. बापाच्या हातची मूठ, वर्षानुवर्षं हाताचं तेल पिऊन काळी झालेली, आणि तिच्यावर वार्निश! यार्मोचं वार्निशाचं वेड गावात सगळ्यांना माहीत होतं. होडी झाली, वल्ही झाली, पत्रपेटी झाली. सौनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातल्या, बाकाचाही नंबर लागला होता. तूलिक्की वेळेवर दारात आडवी उभी राहिली म्हणून बरं, नाहीतर घरातल्या सगळ्यांच्या बैठका भाजून निघाल्या असत्या.

"आणि तू त्याला बोलली नाहीस?"

"नाताळच्या सकाळी? तो असा उभा होता, लहानपणी पहिला मासा धरून उभा राहिला होता तसा. छान झाली म्हटलं. आपलेच दात, आपलेच ओठ."

"मग आता बोल! सगळं गाव म्हणतंय तूलिक्कीचा हात गेला."

"आता बोलले तर म्हणतील, म्हातारी निमित्त शोधते. हातातलं हातानेच दाखवायचं, ओइवा. तोंडाने नाही." तिने उजवा हात बाकावर पसरला. सांधे सुजलेले होते, अंगठा थोडा वाकडा. "मात्र एक कर. मूठ पूर्वीपेक्षा जाड ठेव. हात आता पूर्ण मिटत नाही. हात म्हातारा झालाय, खोटं कशाला सांगू? पण गेलेला नाही."

ओइवाने मेणाचा गोळा तिच्या मुठीत दिला. तिने दाबला. गोळ्यावर उमटलेला ठसा त्याने उजेडाशी धरला, खोल आणि स्पष्ट, आणि तो हसला. "गेलेल्या हाताने माझ्या मेणाचं पार वाटोळं केलंस की."

डिसेंबरात तळं गोठलं. पहिल्या जाळ्याच्या दिवशी उजाडल्यावर सगळे किनाऱ्यावरच्या जाळ्यांच्या खोपटात जमले. यार्मो होता, आणि दरवर्षी जाळ्यावर येणारे पेर्त्ती आणि त्याची बायको किर्सी. किर्सीने वेलचीचे गोड पाव आणले होते. एरवी पहिल्या दिवशी कुणी पाव आणत नाही, त्यामुळे तूलिक्कीला आत पाऊल टाकताच समजलं. पहार दाराशी नेहमीच्या जागी नव्हती. ती यार्मोच्या खांद्याला टेकून उभी होती.

यार्मोने खोकून घसा साफ केला, सुरीची पेटी पुढे केली. भाषण त्याने पाठ केलं होतं, पण दुसऱ्याच वाक्याला ते विस्कटलं. "आई, तू आम्हा सगळ्यांना... म्हणजे या तळ्यावर... आता तू आरामात बस, एवढंच."

तूलिक्कीने पेटी उघडली. "सुंदर आहे," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. ओइवाने खरंच कसूर ठेवली नव्हती.

सगळे तिच्या खिशाकडे बघू लागले. सुरी भेट मिळाली की देणाऱ्याला लगेच एक नाणं द्यायचं, नाहीतर पातं नातं कापतं, असं त्या भागात मानतात. नाणं दिलं म्हणजे भेट घेतली. तूलिक्कीने खिशात हात घातला नाही.

"विसरलीस का, मावशे?" पेर्त्तीने कोपरखळी मारली. "की शेवाळ लागलंय खिशाला?"

"धीर धर. सुरी घ्यायच्या आधी चालवून बघू नये का?" तिने येताना आणलेली बादली पायाने पुढे ओढली. तीत पहाटे तिने स्वतःच्या लहान जाळ्यातून काढलेले मासे होते, तळाशी राहणारे, लांबट, कातडीवर खवल्याचा पत्ता नाही, नुसता चिकट बुळबुळाट. "यार्मो, बाहेर चल. एवढा एक सोलून दे."

"मी?"

"मग कोण, सुरीवर नाव माझं आहे म्हणून मीच सगळं करू?"

बाहेर गारठ्याने नाकातले केस कडक होत होते. यार्मो बर्फावर बसला, हातमोजे काढले, शिंगाची मूठ धरली आणि लगेच तोंड वाकडं केलं. शिंग थंडीत लोखंडाच्या भावासारखं गार पडतं. त्याने माशाच्या मानेभोवती चीर द्यायला सुरुवात केली. बोटांना बुळबुळाट लागला, तो मुठीला लागला, आणि चकचकीत मूठ तळव्यात फिरली. त्याने पुन्हा धरली. पुन्हा फिरली. तिसऱ्यांदा ती हातातून निसटली आणि बर्फावरून घसरत पेर्त्तीच्या बुटापाशी जाऊन थांबली.

कुणी हसलं नाही. मग किर्सीच फिसकन हसली, आणि तिला पेर्त्तीची साथ मिळाली. "चाळिशीतच हात गेला की रे तुझा!"

यार्मो हसला नाही. तो आपल्या रिकाम्या, ओल्या तळव्याकडे बघत होता.

तूलिक्की त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसली. कमरेच्या म्यानातून तिने आपली सुरी काढली, तपकिरी, जाड, अनाकर्षक, आणि त्याच्या हातात दिली. "ही धर. हात पुसू नकोस."

त्याने धरली. मूठ हलली नाही. त्याने माशाच्या मानेभोवती एका दमात चीर दिली, कातडं ओढून काढलं, पोट उघडलं. मूठ ओली झाली आणि आणखी घट्ट बसली. त्याने मुठीवरून अंगठा फिरवला. उघडी साल, वर काही नाही. अंगठा मध्येच थांबला. तूलिक्कीला त्याच्या चेहऱ्यावर ते उगवताना दिसलं, आणि क्षणभर तिला वाटलं, दाखवायला नको होतं.

"आई," तो हळू म्हणाला. "मार्चमध्ये पडली ती. तिला वार्निश मी लावलं होतं."

"हो."

"तुला माहीत होतं? तेव्हापासून?"

"डुबुक झालं तेव्हापासून."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो, तुझा हात... आई, बोलली का नाहीस?"

"नाताळला तू किती खूश होतास! दिसतही छान होती रे, खरंच." तिने त्याच्या हातातून आपली सुरी घेतली, बर्फावर पुसली, म्यानात घातली. मग खिशातून एक नाणं काढून त्याच्या बुळबुळीत तळव्यावर ठेवलं. "भेट घेतली. खोपटात लाव, खिडकीसमोरच्या भिंतीवर. उजेड चांगला पडेल. मला आरामात बसावंसं वाटेल तेव्हा ती मीच मागेन, तू आपणहून देऊ नकोस."

यार्मो उठला. शिंगाची सुरी पेर्त्तीच्या पायाशी पडली होती, ती उचलून त्याने पेटीत ठेवली आणि खोपटात गेला. आत खिळा ठोकल्याचे ठोके ऐकू आले. किर्सी पावाची टोपली झाकायला लागली. पेर्त्ती उगाचच दोर मोकळे करू लागला.

यार्मो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती. नुसती देऊन तो मोकळा झाला नाही. आधी त्याने तिचं धरायचं टोक आपल्या बाहीने नीट पुसलं.

"बर्फ कसा वाटतो?" त्याने पहार पुढे करत विचारलं.

"अजून कुठे विचारलंय मी त्याला?" तूलिक्की म्हणाली, आणि पहार घेऊन सगळ्यांच्या पुढे चालू लागली.