शेवटच्या बाकावरून

बाईंनी शेवटच्या बाकावरची धूळ रुमालाने झटकली आणि अंग चोरून भिंतीकडेच्या जागेत सरकल्या. एरवी त्या दाराजवळच्या खुर्चीत, वर्गाकडे तोंड करून बसत. पण आज ती खुर्ची कुणीतरी परीक्षेच्या हॉलमध्ये नेली होती. मांडीवर निरीक्षणाचा कागद ठेवून त्यांनी पेनचं टोपण काढलं.

फळ्यापाशी त्यांची विद्यार्थिनी उभी होती. मानसशास्त्र विभागातल्या सहा संशोधक विद्यार्थ्यांना कॉलेजात शिकवण्यासाठी तयार करायचं काम बाईंकडे होतं. प्रत्येकाने पहिल्या वर्षाच्या वर्गावर दहा तास घ्यायचे, बाईंनी ते बाजूला बसून पाहायचे, आणि शेवटी शिफारसपत्रावर सही करायची. सहांमध्ये ही उजवी. बाकीचे पाच जण तिला ‘धाकट्या बाई’ म्हणत, कारण खडू धरण्यापासून चष्म्यावरून बघण्यापर्यंत सगळं तिने बाईंचं उचललं होतं, आणि तिला तर चष्माही नव्हता. गुरुवारी दुसऱ्या एका कॉलेजात निवड समितीसमोर, तिथल्याच मुलांच्या वर्गावर, तिचा नमुना तास होता. घरात नोकरी करणारी पहिली तीच ठरणार होती.

“भीती टिकून का राहते?” तिने वर्गाला विचारलं. “कोण सांगेल?”

बाईंच्या पुढच्याच बाकावर एक मुलगी वहीवर वाकली होती. तिचा हात खांद्यापर्यंत वर आला. तोवर धाकट्या बाईंनी स्वतःच उत्तर द्यायला सुरुवात केली होती. हात कानामागे केस सारून, जणू तेवढ्यासाठीच वर गेला होता असा, खाली आला. मग त्या मुलीने वहीच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली. बाईंनी मान उंचावून वाचली. ‘कारण आपण पळतो, आणि पळालं की बरं वाटतं.’

पाठ्यपुस्तकाला हे सांगायला दीड पान लागलं होतं.

बाई घड्याळ बघू लागल्या. प्रश्नानंतर दोन सेकंद, फार तर अडीच, की उत्तर फळ्यावर. पुढे एका मुलाला उभं केलं आणि त्याला काही सुचेना, तेव्हा ती गोड हसून म्हणाली, “स्टेशन लागत नाहीये का? अँटेना जरा हलवून बघ.” ज्या पोरांनी अँटेना उभ्या जन्मात पाहिली नव्हती तीही हसली. तो मुलगाही हसला असावा. इथून त्याचं तोंड दिसत नव्हतं; दिसत होते ते लाल होत गेलेले कान आणि बाकाखाली एकावर एक दाबून धरलेली पावलं.

विनोद बाईंचा होता. वीस वर्षं चाललेला, कधीही वाया न गेलेला.

तास संपल्यावर दोघी बाईंच्या खोलीत आल्या. धाकटीचा चेहरा उजळलेला होता. तास रंगला होता, वर्ग हसला होता. बाईंनी आधी चांगलं होतं ते सांगितलं, विषय पक्का आहे, आवाज शेवटपर्यंत पोचतो. मग त्या मुलीच्या हाताबद्दल सांगितलं, वहीतल्या ओळीबद्दल सांगितलं, दोन सेकंदांबद्दल सांगितलं. धाकटी मान हलवत ऐकत होती.

“आणि तो अँटेनाचा विनोद काढून टाक.”

“तुमचाच आहे, बाई.”

“म्हणूनच सांगतेय.”

धाकटीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग खाली बघत म्हणाली, “पहिल्या वर्षी मलाही ऐकवला होतात तुम्ही. सगळे खूप हसले. त्यानंतर तीन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही.”

बाईंनी आठवून पाहिलं. त्यांना आठवला तो नुसता हशा, आणि तो कुठल्याही वर्षाचा असू शकत होता.

“मग तूही तोच का वापरलास गं?”

“मला वाटलं, शिकवता येणं म्हणजे हेच.”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं स्टँड लावलं. बाई म्हणाल्या, “चुकलं माझं.” त्यांच्या तोंडून हे शब्द इतके हळू आले की धाकटीला ते ऐकू गेले की नाही, हेही त्यांना कळलं नाही.

पुढचे दोन दिवस रिकाम्या वर्गात तालीम चालली. बाई विद्यार्थी होऊन बसत, धाकटी प्रश्न विचारून मनात दहा अंक मोजे. पाचापर्यंत तिचा जीव टांगणीला लागे, सातावर ओठ हलू लागत. घरी बाईंनी नवऱ्याला हा सगळा प्रकार सांगितला, तेव्हा तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, “तीस वर्षं झाली लग्नाला. भाजी काय करू, हे तू मला विचारतेस आणि तोवर चिरून झालेली असते.” बाई त्याला काहीतरी सुनावणार होत्या, पण उठून चिरलेली भाजी फोडणीला टाकायला गेल्या.

शुक्रवारी दुपारी धाकटी आली. नोकरी मिळाली नव्हती.

तिने सगळं क्रमाने सांगितलं. पहिलाच प्रश्न विचारून ती थांबली, तर समितीतल्या एका गृहस्थांना वाटलं, ही विसरली. त्यांनी तिला पुढचा मुद्दा सुचवला. ती तरीही थांबली. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी उघड घड्याळ पाहिलं. नंतर कार्यालयात गोड शब्दांत सांगण्यात आलं की ज्ञान उत्तम आहे, पण असं थांबत राहिलं तर अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. तो सलग पस्तीस मिनिटं बोलला होता.

जुन्या पद्धतीने शिकवलं असतं तर ही जागा पोरीच्या खिशात होती. तिच्या घरी आज काय वातावरण असेल, हेही बाईंना दिसत होतं. जिभेवर वाक्यं तयार होती: वाईट वाटून घेऊ नकोस, मी त्यांच्याशी बोलते, याहून चांगली जागा मिळेल. तोंड उघडलंही होतं.

त्यांनी ते मिटलं. टेबलावरचे हात मांडीवर घेतले आणि धाकटीकडे नुसत्या बघत राहिल्या. त्या मनात अंक मोजू लागल्या. धाकटीने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा छताकडे.

“बाई,” ती शेवटी म्हणाली, “वाईट वाटतंयच. आई रात्रीपासून बोललेली नाही.”

बाईंनी नुसती मान हलवली.

“पण तिथे एक मुलगा होता. सहाव्या की सातव्या अंकाला उठला. अगदी चुकीचं उत्तर दिलं त्याने, पण असं चुकीचं की मला त्यावर दहा मिनिटं शिकवता आलं. मग आणखी तिघं बोलले. दोघं तर आपसातच भांडायला लागले.” ती थांबली. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. “एवढा चांगला तास मी आजवर घेतला नव्हता.”

बाईंनी खुर्ची तिच्या जवळ ओढली.

“काय उत्तर दिलं त्याने?”