साज चढवलेली ऑस्टिन

छगन रोडे बैलांचा दलाल होता, त्यामुळे त्याचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. दलालावर तर नाहीच नाही. काष्टीपासून घोडेगावपर्यंतच्या बाजारांत त्यानं उभा जन्म उपरण्याखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवण्यात घालवला होता. विकणाऱ्याच्या गळ्यात गळा घालायचा, घेणाऱ्याचं भलं करायचं आणि दोघांचाही रामराम घेऊन घरी यायचं. माणूस वाईट नव्हता हो. पण धंद्यात सोवळं पाळणारा उपाशी मरतो, असं तो स्वतःला बजावत असे आणि स्वतःचं ऐकतही असे.

बहात्तरच्या दुष्काळानं सोवळं पाळणारे आणि न पाळणारे एकाच पंगतीला आणून बसवले. कडब्याची पेंढी दिसेना. बाजारात बैल यायचे ते हाडांच्या भावानं, आणि तसल्या सौद्यात दलाल कशाला लागतो? त्याचं निम्मं गाव, मिरजगाव, सडकेच्या कामावर खडी फोडत होतं. छगनही पटका सोडून, डोक्याला फडकं गुंडाळून जाऊ लागला. लाज वाटायला आधी पोटात काहीतरी असावं लागतं.

तेवढंही त्यानं सोसलं असतं. पण संक्रांत झाली आणि त्याची लेक रंगू सासरहून परत आली. आली कसली, आणून सोडली. सासूनं एस्टीतून उतरवून दिली आणि वर म्हणाली, "पोरगी कामाची न्हाई तुमची. चार पावलं चालली की धापती." विशीही न गाठलेली पोर. दारातून चुलीपर्यंत येताना ती मध्ये भिंत धरायची आणि तिचे ओठ जांभळे पडायचे. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काळजातली एक झडप आकसली आहे, ती शस्त्रक्रिया करून मोकळी करावी लागेल आणि ते काम मुंबईला होतं. सरकारी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत थांबलं तर चालेल का, असं छगननं विचारलं, तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "पावसाळ्याची वाट पाहू नका. खाजगी दवाखान्यात माझ्या ओळखीचे सर्जन आहेत, चिठ्ठी देतो. पण होळीनंतर लगेच न्या, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका."

छगनकडे विकण्यासारखी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे ऑस्टिन.

ही ऑस्टिन त्याच्याकडे आली त्याचीही गंमत होती. पलीकडच्या गावच्या इनामदारांनी इंग्रजांच्या राज्यात हौसेनं घेतलेली मोटार. तारांच्या चाकांची, कापडी टपाची, रंगानं गर्द हिरवी. पुढं इनाम गेलं, पेट्रोल परवडेना, आणि इनामदारांना मोटारीपेक्षा खिल्लारी जोडीची गरज जास्त वाटू लागली. छगननं जोडी दिली आणि गाडी ओढत आणली. सगळं गाव हसलं. पोळ्याला रंगू त्या गाडीत बसून भोंगा वाजवायची आणि छगनला आपणही कुणीतरी आहोत असं वाटायचं. बस्स, गाडीचा उपयोग तेवढाच.

नगरला माळीवाड्याच्या अलीकडे चांदभाईचं आवार होतं. लष्कराच्या लिलावातल्या जीपा, थकलेले ट्रक, कुणाकुणाच्या मोटारी तिथं उभ्या असत. मालकानं गाडी आवारात लावायची, चांदभाईनं गिऱ्हाईक बघायचं, सौदा झाला की आपली दलाली कापून बाकीचे पैसे मालकाला द्यायचे. छगननं ट्रॅक्टरला दोर बांधून ऑस्टिन तिथं नेली तेव्हा चांदभाई कितीतरी वेळ तिच्याभोवती फिरत राहिला. आतल्या चामड्याच्या बैठकीवरून त्यानं हात फिरवला. धुरकट काचांचे दोन पितळी दिवे वाकून वाकून पाहिले.

"छगनराव, कुठं दडवून ठेवली होती ही?" तो म्हणाला. "जरा सबर करा. इथलं गिऱ्हाईक नाही हिचं."

सबर करण्याइतका वेळ कुणाकडे होता? छगन दर आठवड्याला नगरची वारी करू लागला. महाशिवरात्र आली तरी गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता, आणि रंगूच्या पायांवर आता सूज दिसू लागली होती. मग एके दिवशी चांदभाईनंच त्याला आवाराच्या दारात गाठलं. चेहरा फुललेला.

"मुंबईचे एक साहेब आहेत. जुन्या मोटारींचे शौकीन. फोटो पाठवला होता, सात हजारांवर आलेत. मी स्वतः जाऊन घेऊन येतो त्यांना."

छगननं बोटांवर हिशेब केला. सात हजारांत दवाखाना, औषधं, मुंबईतलं राहणं, सगळं भागत होतं.

"फक्त एक करा," चांदभाई म्हणाला. "गाडीला हात लावू नका. आहे तशी राहू द्या. धूळसुद्धा पुसू नका. त्या लोकांना जुनं ते जुन्यासारखंच लागतं."

"बरं," छगन म्हणाला. आणि आतून चरकला.

का चरकला, ते बैलबाजारातल्या माणसालाच कळेल. बाजाराला न्यायचा बैल कुणी तसाच नेत नाही. आदल्या दिवशी त्याला धुतात, शिंगं साळून लाल हिंगूळ लावतात, तेलाचा हात फिरवतात, नवी वेसण, नवे गोंडे. साज चढवलेल्या जनावराचा भाव चढतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग "हाय तसं आना, उगा साज करू नगा, गिऱ्हाईक बिचकतं" असा सल्ला विकणाऱ्याला कोण देतो? घेणाऱ्याशी आतून बांधलेला दलाल देतो. छगननं हाच सल्ला किती गरिबांना दिला होता! धूळ बसलेल्या बैलाचा भाव पाडायचा आणि घेणाऱ्याकडून मागाहून आपला वाटा घ्यायचा. चांदभाईचे शब्द त्याला आपलेच शब्द वाटले. त्यात थोडं उर्दू मिसळलं होतं, एवढंच.

घरी येऊन तो गोजरबाईला म्हणाला, "आज सात म्हनतुया. गिऱ्हाईक दारात आलं की म्हनंल, लई धूळ हाय, चामडं फाटलंय, दिवं आंधळं हायती. मग तीनावर आनंल. दोघं मिळून आपल्याला नागवणार."

"म्हातारा बैल म्हातारा हाय म्हून जादा पैसं कुनी दिल्यात का?" गोजरबाई म्हणाली. "पोरगी दाखवायची म्हनलं तरी त्वांड धुवून, येनी घालून दाखवत्यात. तुमी न्हाई म्हनू नगा. करा साज." आणि तिनं कानांतली फुलं काढून त्याच्या हातावर ठेवली. घरात सोनं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

रंगू भिंतीला टेकून ऐकत होती. "मोर काढाय सांगा दादा," ती बापाला म्हणाली. बोलताना तिला मध्येच थांबावं लागलं.

मिरजगावातल्या बैलगाड्या कानिफनाथ सुतार रंगवायचा. छगननं त्याला डबे-कुंचल्यांसकट एस्टीत घातलं आणि नगर गाठलं. चांदभाई मुंबईला गेलेला. आवारातला म्हातारा राखणदार आडवा आला, "भाई बोलून गेलेत, हात लावू देऊ नको."

"गाडी कुनाची?" छगननं विचारलं. म्हातारा बाजूला झाला. गाडी छगनचीच होती, हे काही खोटं नव्हतं.

कानिफनाथ हाताचा सच्चा कारागीर होता, तेच नडलं. अर्धवट काम त्याला जमत नसे. "जुना रंग खरवडल्याबिगर नवा धरत न्हाई," म्हणत त्यानं तो सगळा गर्द हिरवा रंग पत्रा उघडा पडेपर्यंत घासून काढला. मग लालभडक रंग दिला. दारांवर मोर काढले, मागच्या बाजूला कमळाची वेल सोडली. छगननं जुनं चामडं ओरबाडून काढलं आणि टेम्पोच्या सीटा शिवणाऱ्याकडून लाल रेक्झीन बसवून घेतलं. पितळी दिवे भंगारवाल्याला देऊन त्या बदल्यात जीपचे घेतले. इंजिनाजवळच्या इंग्रजी अक्षरांच्या पट्टीवर चांदीचा रंग फासला. शेवटी आरशाला गोंडे बांधले. मागं सरकून पाहिलं तेव्हा त्याचा ऊर भरून आला. आता कोण म्हणतो तीन हजार? आता साताचे आठ मागू.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी आवारात शिरली. छगन पटका बांधून, हातात नारळ घेऊन उभा होता. चांदभाईच्या पाठोपाठ एक उंच, वयस्कर साहेब उतरले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं.

"चांदभाई, गाडी कुठं आहे?" त्यांनी विचारलं. ते तिच्यासमोरच उभे होते.

चांदभाईनं कपाळावर हात मारला. छगननं त्याच्याकडे पाहिलं. नाटक करणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे त्याला तिथंच कळलं.

साहेब जवळ गेले. दारावरच्या मोराला त्यांनी बोट लावलं, बोट लाल झालं. वाकून आत पाहिलं. "इथलं चामडं?"

"फाटलं हुतं साहेब. काढून टाकलं. कोरं रेक्झीन बसीवलंय."

"आणि दिवे?"

"जीपचं हायती. लई उजेड पडतो. जुनं भंगारात दिलं."

"कुठल्या भंगारात?" साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला.

"कालच वितळायला गेलं," राखणदार म्हातारा लांबूनच म्हणाला.

तरी साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, रागावलेलं गिऱ्हाईक वळवण्यात छगनचा हातखंडा होता. ते नुसते रुमालाला बोट पुसत राहिले. "माझ्या वडिलांची अशीच होती," ते म्हणाले. "कुणी हात न लावलेली मिळेल म्हणून किती वर्षं शोधतोय. तुमची तशी होती. आता हिचं मी काय करू, सांगा."

"रंग काढतो साहेब!" छगननं नारळ खाली टाकला आणि नखांनी मोर ओरबाडायला लागला. "आत्ताच्या आत्ता काढतो. खाली तुमचीच गाडी हाय."

"खाली पत्रा आहे," साहेब म्हणाले.

"निम्मं द्या. निम्म्याचं निम्मं द्या. पोरीचं आपरेशन हाय हो, होळीनंतर नेयाची हाय. तिचा जीव आडकलाय ह्या गाडीत." छगननं त्यांचे पाय धरले. साहेबांनी गडबडून पाय मागं घेतले, खिशातून शंभराची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली, आणि टॅक्सी निघून गेली. ती नोट परत करायला हवी असं छगनला एकदा वाटलं. मग त्यानं मूठ मिटली.

टॅक्सीची धूळ खाली बसली. मग चांदभाई म्हणाला, "मी सांगितलं होतं ना तुला? धूळ पुसू नको म्हणालो होतो ना?"

"म्हनला हुता."

"मग?"

छगनला थाप मारता आली असती. पण अंगात तेवढंही बळ उरलं नव्हतं. "म्या बी असंच सांगतो," तो म्हणाला. "भाव पाडायचा आसला की."

चांदभाई त्याच्याकडे पाहत राहिला. "म्हणजे तू मला तुझ्यासारखा समजलास," तो हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात शिवी नव्हती, आणि शिवीनं छगनला एवढं लागलंही नसतं. थोड्या वेळानं चांदभाई म्हणाला, "बँडवाल्यांना विचारतो. वरातीला नेतील. पण दुष्काळात वराती कुठल्या? हजार मिळाले तरी पुष्कळ, आणि तेही कधी मिळतील कोण जाणे."

छगन घरी पोचला तेव्हा दिवस मावळतीला आला होता. गोजरबाई दारातच होती. मुंबईला न्यायचं गाठोडं तिनं बांधून ठेवलं होतं. नवऱ्याचं तोंड पाहूनच ती समजली आणि तिथंच तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "फसवलं ना त्या चांदभाईनं? म्या म्हनतच हुते! वाटोळं हुईल मेल्याचं!"

सोपं होतं. नुसती मान डोलवायची होती. साऱ्या गावानं विश्वास ठेवला असता. दलाल फसवतो यात नवल कसलं?

"न्हाई," छगन म्हणाला. "चांदभाई सरळ मानूस हाय. म्याच घालीवली. साज केला म्हून घालीवली."

गोजरबाईचा हात आपोआप रिकाम्या कानाकडे गेला. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली.

रंगूनं सगळं ऐकलं होतं. ती भिंतीला टेकूनच जरा सरळ झाली.

"बरंच झालं की दादा," ती म्हणाली. "मला लई भ्या वाटत हुतं. छाती फाडत्यात म्हनं तिथं. कोन जानार त्या ममईला." तिनं दम घेतला. "आन आज तर धाप बी कमीच हाय बगा." आणि ती हसली.

कोण अडलंय, कोण आव आणतंय, कुणाच्या हसण्याखाली काय दडलंय, हे छगन बाजारात एका नजरेत ओळखायचा. चांदभाईच्या बाबतीत त्याची नजर चुकली होती. लेकीच्या बाबतीत ती चुकली नाही. देवा, इथंही चुकली असती तर काय बिघडलं असतं? तो तिच्याजवळ जाऊन बसला, तिचा गार पडलेला हात हातात घेतला आणि म्हणाला, "व्हय ग पोरी, कमीच हाय आज."