माझी काचेतली शेजारीण

मी एक जुना थ्रीडी प्रिंटर आहे. अमरावतीच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा आहे. मित्रांनो, प्लॅस्टिकची तार वितळवायची आणि थरावर थर चढवत वस्तू उभी करायची, हे माझे काम. दात केले, हाडे केली. एकदा मी माणसाचा कान केला, तेव्हा तो बघायला सारे कॉलेज लोटले होते.

मग ती आली, काचेच्या पेटीत बसलेली बायोप्रिंटर. तीही थरावर थरच चढवी. पण तिच्या सुईतून जिवंत पेशींचा दाट रस येई. संगणकावर आकृती काढली, की ती माणसाची कातडी छापी. माझा कान कपाटामागे गेला.

तिला आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या कहकशाँताईंनी वर्षभरासाठी मागून आणले होते. ताईंचे वडील अब्दुल सत्तार दर्यापूरकडे कपाशी पिकवत. फवारणीने त्यांच्या हातांची साले निघत. कोणत्या कापडाची बाही घातली तर औषध आत झिरपत नाही, हे ताईंना छापलेल्या कातडीवर तपासायचे होते. दसरा झाला की मशीन देणारे साहेब पाहणीला येणार होते. जिवंत तुकडा दिसला तर मशीन राहणार, नाहीतर परत जाणार.

ती जावी, असेच मला वाटे.

खंडेनवमीला शिपाई नत्थुजी यंत्रांची पूजा करत. पहिले कुंकू नेहमी माझे. त्या वर्षी ते माझ्यासमोरून सरळ पुढे गेले. काचेचे दार उघडून त्यांनी तिच्या सुईलाच हळदकुंकू लावले, झेंडूचा हारही आत ठेवला. मी नुसता जळत राहिलो.

सुट्टी संपवून ताई आल्या, तर आत उबेला ठेवलेल्या कातडीवर पांढरी बुरशी!

"नत्थुजी, आत हात कावून घातला तुमी?"

"ताई, नव्या नवरीले काय बाहेरूनच पुजावं?"

"नवरी नाई ते! बाळंतिणीची खोली आहे ते!"

नत्थुजींचा चेहरा उतरला. "मंग आधी सांगाचं न, ताई. चपला घालून गेलो न मी बाळंतिणीच्या खोलीत!"

ताईंनी पेटी धुतली, नव्या पेशी घेतल्या. पण कातडी धरून ठेवणारी चौकट खराब झाली होती आणि नवी परदेशातून यायची होती. ताई माझ्याकडे वळल्या. "तू करशील न रे?"

एक थर वाकडा गेला असता, तर शेजारीण परतीच्या वाटेला लागली असती. पण वाकडे काम माझ्या हातून निघेना. नाव माझे गेले असते! चौकट चोख निघाली. तिच्यात कातडी जगली. साहेबांनी तोंडभर कौतुक केले ते शेजारणीचे. चौकट कोणाची, हे कोणी विचारलेसुद्धा नाही.

ती राहिली. मी अजूनही जळतो.

पुढच्या खंडेनवमीला नत्थुजींनी तिला काचेबाहेरूनच नमस्कार केला. मग माझ्याकडे आले. "घे लेका, तिचं कुंकू बी तुलेच." त्यांनी खरखरीत तळव्याने माझ्यावरची धूळ पुसली. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ती माणसांची कातडी घडवते, पण तिला माणसाचा उघडा हात कधीच लागत नाही. नेहमी हातमोजेच.

मित्रांनो, काही गोष्टी हात न लावता जपायच्या असतात. तिला तसेच जपा. माझी धूळ मात्र हातानेच पुसा, आणि शक्यतो तिच्या देखत.