गुळाची शुगर उतरली

डिंगोऱ्याच्या मारुतीपुढं त्या शनिवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि शुगर उतरवणाऱ्या मुंगीबाबांचं सगळं काम तर मुंग्यांवरच चालायचं. सत्त्याण्णव साल असेल. आमच्याकडे तेव्हा घरच्या घरी शुगर ओळखायची एकच रीत: लघवी खापरात धरायची आणि मुंग्या लागतात का पाहायचं.

मुंगीबाबांनी माझ्या नणंदेचं, लंकाबाईंचं, खापर मधोमध ठेवलं आणि भोवती विभूतीचं कडं काढलं.

"ओम शुगर फट् स्वाहा!"

मुंग्यांची रांग कड्यापर्यंत आली आणि माघारी फिरली.

"गेली शुगर! दवाई फेको, जलेबी खाओ!"

वन्संनी डॉक्टरांच्या गोळ्या तिथंच गटारात टाकल्या. पंधरा दिवस जिलेबी चालली. पायाच्या अंगठ्याला आधीच झालेली जखम मात्र चिघळत गेली.

माझ्या धाकट्या दिरांची लेक वृषाली पुण्याच्या प्रयोगशाळेत आहार आणि मधुमेहावर संशोधन करायची. सुट्टीला आली, अंगठा पाहून हबकली. बोटातलं थेंबभर रक्त तिनं यंत्रावर तपासलं.

"आत्या, तीनशे ऐंशी! अशानं अंगठा कापावा लागेल."

"तुजं मशीन खोटं. मुंग्या कशाला खोटं बोलतील?"

मग शनिवारी वृषाली गुळाचा खडा, वन्संचं नवं खापर आणि वन्संना घेऊनच देवळापुढं गेली.

"बाबा, आमच्या गुळाला शुगर आहे. उतरवा की!"

बाबा घुटमळले. तिनंच विभूती उचलून गुळाभोवती कडं काढलं. मुंग्या आल्या, थबकल्या, परत गेल्या.

मेंढरं सोडून आलेला गोरख ओरडला, "आयला, गूळबी बरा झाला राव! आता च्या फिक्काच प्यायचा!"

"राखेत मुंग्या मारायची पावडर कालवलीय," वृषाली म्हणाली. "रक्तात साखर फार वाढली की लघवीत उतरते, म्हणून मुंग्या येतात. पण विषाचा वास आला की त्या गुळालाही शिवत नाहीत."

तिनं वन्संचं खापर दूर कोऱ्या फरशीवर ठेवलं. घटकाभरात मुंग्यांनी ते काळं केलं.

"ये चींटियां नास्तिक हैं!" म्हणत बाबांनी चपला शोधल्या.

वन्संनी खापर उचलून गटारात उपडं केलं.

"वृषे, तसल्या गोळ्या पुन्हा मिळतील का गं?"

मिळाल्या. नख गेलं, अंगठा वाचला.

बायांनो, शुगर रक्तात असते, ती रक्तातच मोजून घ्या. आणि औषध बंद करा असं कोणी म्हणालं, तर 'कशावरून?' एवढं विचारा. विचारायला सिद्धी लागत नाही.