संताच्या आंघोळीचं पाणी

म्यूज नदीकाठच्या रानात राहणारा साधू अन्सोवाल्ड मेला, तेव्हा त्याला शेवटची आंघोळ घालायला विधवा थ्युदिलाशिवाय कोणी नव्हतं. त्याच्या पायांवरच्या चिघळलेल्या जखमा इतकी वर्षं तीच धूत आली होती. गावकरी त्या वासानं नाक दाबून लांबून जात. पाणचक्कीवाला राडोमार तर त्याच्यावर कुत्री सोडायचा. एकदा अन्सोवाल्ड तापानं फणफणलेला, घोटभर पाणी मागायला गेला, तेव्हाही त्यानं सोडली होती.

थ्युदिलानं पू पुसला, सुटलेली कातडी काढली. गढूळ, पिवळट पाण्याची परात घेऊन ती बाहेर आली, तर दारात अख्खं गाव गुडघे टेकून बसलेलं. पुढे मठाधिपती वुल्फ्राड; अन्सोवाल्ड संत होता, असं त्यानंच सकाळी जाहीर केलं होतं.

"ओतू नकोस गं!" राडोमार ओरडला. "तीर्थ आहे ते!"

"अरे, पू आहे त्यात!"

पण परात कधीच हिसकावली गेली होती. राडोमारनं ती तोंडाला लावली, दाढीवरचे ओघळ बोटानं निपटून चाटले. एका बाईनं त्यात पाव बुडवून लेकराला भरवला. काहीजण खोपटात घुसले, आणि एकजण प्रेताचा दात उपटून मुठीत दाबत बाहेर आला. थ्युदिला कुडाला धरून भडाभडा ओकली.

"संताच्या देहाला गुलाबांचा सुगंध येतो. आत येत असेल, नाही?" वुल्फ्राडनं विचारलं.

"कुजल्याचा येतोय, फादर. जा ना, बघा."

"दुःखानं नाक चोंदलंय तुझं, पोरी."

रविवारी त्यानं वेदीवरून सांगितलं, की संताला धुणाऱ्या बाईलाच गुलाबांचा वास आला होता. मग लोक तिचे हात चुंबायला घरी येऊ लागले. राडोमारही आला. त्याचे ओले ओठ लागताच तिनं हात झटकला.

"जिवंतपणी त्याच्यावर कुत्री सोडलीस, मेल्यावर त्याचा पू प्यायलास. तोंड धू आधी, मेल्या!"

राडोमार भक्तिभावानं हसला. बायकोला हाक मारून म्हणाला, "ऐकलंस? पुण्यवान माणसाचं बोलणं असंच झोंबतं!"

थ्युदिलानं त्याच दुपारी बोचकं बांधलं आणि नदीवर जाऊन नाव धरली.

"अन्सोवाल्डच्या गावची का गं?" नावाडी वल्ही मारत म्हणाला. "त्याला धुणारी बाई पाहिलीस कधी?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिनं हात शालीखाली घेतले.