गोटीरामच्या पायावरचा नारळ

त्या गुरुवारी दिवाळे गावात गोटीराम कोळ्याच्या घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. खाटेवर गोटीराम, पायथ्याशी बंडू भगत. भगताने लाल फडक्यातून नारळ काढून त्याच्या पावलावर ठेवला. "उचल!" पाय तसूभरही हलला नाही. भगताने नारळ फडक्यात गुंडाळला, करणी करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि नारळ पुन्हा पावलावर ठेवला. पाय चक्क वर आला! बायकांनी हात जोडले.

"पन एक्केचालीस दिस पाय भुईला टेकवायचा नाय," भगताने बजावलं. "टेकला तर मी जबाबदार नाय!" जबाबदारी झटकण्यात गडी भलताच तरबेज.

हे ऐकून दाराशी उभी असलेली वैशाली पुढे सरकली. ती बेलापूरच्या एका रुग्णालयात आयसीयूची नर्स. न्यूमोनियाने गोटीराम बावीस दिवस तिच्याच वॉर्डात श्वासाच्या मशीनवर होता. घरी येऊन त्याला महिना झाला होता. "सिस्टर, भगताचा गुन आला, बगायला या," असं त्याच्या बायकोनेच, पुतळाने, मासळीबाजारात कौतुकाने सांगितलं होतं. आणि इथे त्याच्या पोटऱ्या मनगटाएवढ्या उरल्या होत्या.

भगताच्या फडक्यात अजून काहीतरी गोल होतं, ते वैशालीने हेरलं. "पुतळाबाई, फडक्यातला आणि पायावरचा, दोन्ही नारळ हातात घ्या बरं."

"बाईमानसानं शिवायचं नाय!" भगत ओरडला.

पण रोज नुसत्या हाताने मासळीचं वजन सांगणारी बाई ती. तिने दोन्ही उचलले. "पायावरचा ह्यो पावशेर बी नाय. आनि फडक्यातला ह्यो तर चार किलोचा!" तिने जड नारळ उंबऱ्यावर आपटला. डोळ्यांना मेण लावून बुजवलेल्या करवंटीतून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या घरंगळल्या. भगत मागच्या दाराने पसार झाला.

"मंग पाय कशानं गेले?" पुतळाने विचारलं.

"एवढ्या मोठ्या आजारात, इतके दिवस मशीनवर राहिलं की नसा आणि स्नायू दुबळे होतात. बऱ्याच जणांना होतं. ताकद हळूहळू येते, पण त्यासाठी हातपाय हलवावे लागतात, माणसाला बसवावं, उभं करावं लागतं."

"ह्ये तवाच का नाय सांगितलं?"

वैशालीला डॉक्टरांकडे बोट दाखवता आलं असतं. "मी घाईत होते. घरी सोडताना 'पूर्ण आराम द्या' एवढंच मी म्हणाले. चुकलं माझं."

"तुमी बोललात, आराम द्या. भगत बी त्येच बोलला. मंग मी त्याला खोटा कसा मानू, सिस्टर?"

 वैशालीने गोटीरामच्या पाठीखाली हात घातला, दुसऱ्या बाजूने पुतळाने धरलं. तो उभा राहिला, थरथरला आणि मटकन बसला. वाया गेलेला महिना भरून निघेल का, हे वैशालीला सांगता येईना. उद्यापासून ड्यूटी संपली की रोज व्यायाम करून घ्यायला येईन, एवढंच ती बोलली.

भगताची लबाडी उघडी पडली, हे ठीकच. आजारानंतर शरीर वेगळं वागू लागलं तर भगताकडे धावू नका, डॉक्टरांना कारण विचारा. आणि ज्यांना कारण माहीत आहे, त्यांनी कुणी विचारायची वाट पाहू नये. आपण गप्प राहिलो म्हणूनच भगताला त्या घरात बसायला पाट मिळाला, हे वैशाली स्वतःपासून लपवू शकली नाही.