झाकलेले संगणक

सकाळी अकरा वाजता वाचनालयात ज्येष्ठांच्या संगणक वर्गाची प्रमाणपत्रे वाटायला सुरुवात झाली. पहिलेच नाव निवृत्त नर्सबाईंचे पुकारले आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

त्यांना सगळे अजून सिस्टरच म्हणत. वर्गात त्या एकाच कामासाठी आल्या होत्या. मुलगी दूरदेशी आणि मुलाचे तिच्याशी फाटलेले. घरातला फोन मुलाच्या हातात. त्याला लहर आली तर लेक आईला पडद्यावर दिसायची, नाही तर नाही. सिस्टरना संगणकावरून आपल्या हाताने फोन लावून तिला डोळे भरून बघायचे होते.

पण वर्गातल्या संगणकांवरची पांढरी कापडे कधी निघालीच नाहीत. हात लावला की बिघडतात म्हणे! ग्रंथपालांनी बटणांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून दिली आणि म्हातारी माणसे महिनाभर पुठ्ठे दाबत बसली. निवृत्त पोस्टमनकाका तर एकदा घाबरून म्हणाले होते, "साहेब, माझा बंद पडला वाटतं!" सारा वर्ग हसला. सिस्टर हसल्या नव्हत्या.

"सिस्टर, या ना. पाहुणे खोळंबलेत," ग्रंथपाल म्हणाले.

"कशाला येऊ?"

"अहो, तुम्ही या वयात शिकलात, त्याचं कौतुक आहे."

"काय शिकले? लेकीला फोन लावता येत नाही मला."

"तेवढं पुढच्या वर्षी बघू."

"आम्हाला इंजेक्शन आधी संत्र्यावर टोचायला शिकवायचे. पण पुढे माणसाचा दंड द्यायचे हो हातात!"

"सिस्टर, तोंडाला पानं तर पुसलीच आहेत," पोस्टमनकाका कुजबुजले, "निदान चहा तरी पिऊन जाऊ."

सिस्टर उठल्या त्या थेट कोपऱ्यातल्या संगणकाकडे. कापड ओढले. मागे वायरच नव्हती. दुसरे ओढले, तिसरे ओढले. तीच गत.

"जोडणी व्हायचीये अजून," ग्रंथपाल पुटपुटले.

"मग महिनाभर आम्हाला काय भातुकली खेळायला बोलावलंत?"

पाहुण्यांना अचानक दुसरे काम आठवले.

"जोडा. तोवर मी इथेच बसते," सिस्टर म्हणाल्या.

आता संध्याकाळचे सहा वाजलेत, वाचनालय बंद व्हायची वेळ झाली आहे. सिस्टर खुर्चीतून हललेल्या नाहीत. पोस्टमनकाकाही खुर्ची ओढून शेजारी बसलेत. ग्रंथपालांनी वायरमनला बोलावलेच नाही. फोन केला तो सिस्टरच्या मुलाला.

तो घरून निघाला आहे.